कादंबरी दाखवण्याचा कार्यक्रम

सेलूच्या आमच्या वाचनालयात तुम्ही नवी प्रेमकादंबरी मागितली, तर ती तुम्हाला मिळत नाही. आधी ती तुम्हाला दाखवतात.

दाखवतात म्हणजे अगदी रीतसर. मन्मथअप्पा कपाटातून पुस्तक काढतात, खांद्यावरच्या पंच्याने त्याची पाठ पुसतात, टेबलावर धुतलेला रुमाल अंथरतात आणि पुस्तक त्यावर तुमच्याकडे तोंड करून ठेवतात. समोरच्या टपरीवरून चहा येतो. मग अप्पा घसा साफ करून म्हणतात, "हं. इचारा काय इचारायचं ते."

तुम्ही नवखे असाल तर तुमचा हात पुस्तकाकडे जातो. अप्पा ते रुमालासकट मागे ओढतात.

"हात लावायचा न्हाई. आधी बघायचं, घरी जायचं, इचार करायचा, मग कळवायचं. दस्तूर म्हंजे दस्तूर."

हे सगळं मी गेली दोन वर्षं ऐकते आहे. बघते आहे असं म्हणवत नाही, कारण मध्ये प्लायवूडची भिंत आहे. भिंतीच्या पलीकडे वाचनालय, अलीकडे अभ्यासिका. अभ्यासिकेत पोलीस भरतीपासून कलेक्टरपर्यंत सगळ्याची तयारी चालते. भिंतीलगतची जागा मात्र कुणी घेत नाही, कारण अप्पांचा आवाज. मी देवगाव फाट्याच्या पलीकडून एसटीने येते, तोवर बऱ्या जागा संपलेल्या असतात. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली, त्यामुळे अशा बाबतीत तक्रार कुठे करायची असते हे सांगणारं घरी कुणी नाही. मी तिथेच बसते. राज्यघटनेची कलमं आणि अप्पांची स्थळं मी एकदमच पाठ करायला घेतली होती. स्थळं पाठ झाली.

अप्पा पूर्वी अडत दुकानावर मुनीम होते. पण गावात त्यांची ओळख सोयरिकी जमवणारे म्हणून होती. जिंतूरपासून मानवतपर्यंत कुणाची मुलगी लग्नाची झाली, हे तिच्या आईबापांच्या आधी अप्पांना कळायचं. मग मोबाइल आले. आता बायोडाटे ग्रुपवर फिरतात आणि मुलं-मुली एकमेकांना पसंत करतात. "बोटानं ढकलायलेत एकमेकाला," अप्पा सांगतात. "कापसातला कचरा काढावा तसं. चहा न्हाई, पोहे न्हाई, इचारपूस न्हाई." अशा रिकाम्या दिवसांत त्यांना वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं अर्धवेळ काम मिळालं. समितीला वाटलं, म्हातारा माणूस आहे, कोपऱ्यात गप्प बसेल. समितीचे माणसांविषयीचे अंदाज साधारण असेच असतात.

एवढी लग्नं जमवली, मग स्वतःचं का नाही केलं, असं एकदा चहावाल्याने त्यांना विचारलं होतं. अप्पा म्हणाले, "मध्यस्थानं पंगतीत शेवटी बसायचं असतं. मी बसलो तवर भात संपला." चहावाला खूप हसला. मीही भिंतीमागे हसले.

दरवर्षी वाचनालयात नव्या कादंबऱ्यांचा गठ्ठा येतो. त्यात निम्म्या प्रेमकादंबऱ्या असतात आणि त्यातल्या निम्म्यांच्या मुखपृष्ठावर समुद्राकडे बघत पाठमोरी उभी असलेली एक मुलगी असते. "हिचं तोंड का दाखवत न्हाईत?" अप्पांना दर वेळी संशय येतो. "कायतरी खोट असंल." अप्पा प्रत्येक कादंबरी वाचतात, पण साहित्य म्हणून नव्हे, चौकशी म्हणून. नायक पुण्यात राहतो, कॉफी पितो, डोंगरावर जातो. "पगार कुठंच दिला न्हाई. दोनशे पानं झाली, पोरीच्या बापाचं नाव कळंना. घरात बाकी कोण हाय, कुणी सांगंना. असं स्थळ आपण लोकांच्या घरात कसं द्यावं?"

आणि वाचकांची चौकशी तर वेगळीच. एकदा मेडिकलवाले काका बायकोसाठी पुस्तक न्यायला आले.

"घरी कोण कोण असतं?" अप्पांनी विचारलं.

"आमी दोघं, लेकरं आन् आई."

"आई म्हंजे त्यांची सासू. मग ही निळी नको. हिच्यात सासूच न्हाई. तुमच्या घरी वाचताना चुकल्यासारखं वाटंल."

"अप्पा, कोणतं पण द्या हो. दुकान उघडं हाय."

"कोणतं पण?" अप्पांचा आवाज दुखावला. "तुमच्या लग्नाच्या वेळी तुमच्या बापानं असंच म्हनलं असतं तर?"

काका जरा विचारात पडले. पुस्तक न नेताच गेले, ते तिसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आले.

न वाचता परत आलेल्या पुस्तकाला अप्पा 'परत धाडलेली' म्हणतात. पान दुमडून आलं तर 'नीट नांदवली न्हाई' म्हणतात आणि त्या घरी पुन्हा देत नाहीत. मुदत संपल्यावर आणून दिलं तर मात्र खूश होतात. "रमली म्हणायची." एका पोलीस भरतीवाल्याने भूगोलाच्या गाइडमध्ये लपवून वाचायला एखादी मागितली. अप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आधी पायावर उभा राहा. मग बोलू." तो बिचारा रोज पहाटे पाच किलोमीटर पळतो. आणखी किती पायावर उभं राहायचं, असं तो मला विचारत होता.

मीही एकदा धीर करून एक कादंबरी घेतली. अप्पांनी तिची फार तारीफ केली होती. शेवटी असं लग्न आहे, असं लग्न आहे, की दोन्हीकडचे पाहुणे रडतात. मी एसटीत बसून शेवटपर्यंत वाचली. लग्न नाही. नायिका नोकरीला परदेशी जाते, नायक टॅक्सीला हात करतो, संपलं. दुसऱ्या दिवशी मी भीत भीत म्हणाले, "अप्पा, लग्न सापडलं नाही."

"तू शेवटपर्यंत वाचली व्हय?" त्यांना आधी आश्चर्य वाटलं, मग ते जवळ वाकले. "माय, मध्यस्थाला थोडं वाढवून सांगावं लागतं. दोन एकराचे चार एकर सांगितले तेवाच सोयरिकी झाल्या. झाल्यावर कुणी मोजायला गेलं का?"

अशा या अप्पांना हरवणारं एकच स्थळ गावात होतं. सोनटक्के बाई.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. तिसरीला शिकवायच्या. ओळीखाली बोट ठेवून वाचणाऱ्याच्या बोटावर त्यांची पट्टी पडायची, असं निम्मं सेलू आजही बोटं चोळत सांगतं. बाई एकट्या राहतात. दर गुरुवारी चारला ताठ चालत येतात, खुर्चीवर बसतात आणि कार्यक्रम सुरू होतो. इतरांना दहा मिनिटं दाखवणारे अप्पा बाईंना दीड-दोन तास दाखवतात. नायिकेचं आजोळ, नायकाचं बालपण, दोघांची पहिली भेट, भांडण, समेट, सगळं. बाई मध्ये मध्ये विचारतात. "मग ती काय म्हणाली?" "त्याच्या आईला कोणी सांगितलं?" अप्पा सांगत राहतात. शेवटी बाई उठतात, पदर सारखा करतात आणि म्हणतात, "बघते. कळवते."

कधी कळवलं नाही. एकही पुस्तक नेलं नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा हजर. इतरांनी नकार दिला तर दोन दिवस न बोलणारे अप्पा बाईंच्या नकारावर मात्र कधी रागवायचे नाहीत. अभ्यासिकेत आम्ही म्हणायचो की इतकं चिकित्सक स्थळ महाराष्ट्रात दुसरं नसेल.

हे सगळं मागच्या हिवाळ्यापर्यंतचं. त्या हिवाळ्यात अप्पांना एका गुरुवारी जिंतूरला जावं लागलं. भाच्याचा साखरपुडा होता, तोही मोबाइलवर जमलेला, म्हणून जरा नाराजीनेच. जाण्याआधी ते भिंतीला वळसा घालून माझ्याकडे आले.

"उद्या बाई येतील. ही नवी त्यांना दाखव. घाई करायची न्हाई. इचारतील ते सांगायचं. आन् पुस्तक टेबलावरच राहू दे. त्यांच्या हातात देऊन मोकळी होऊ नको."

"बरं अप्पा," मी म्हणाले. चहाचं सांगू का, तेही विचारून घेतलं.

गुरुवारी बाई आल्या. मी रुमाल अंथरला, पुस्तक ठेवलं, बायोडाटा वाचावा तसं नाव, लेखिका, पानं सांगितली आणि पाच मिनिटांत माझं संपलं. बाई बसूनच. मला काय करावं कळेना. मी पुस्तक त्यांच्याकडे सरकवलं. "मागच्या बाजूला सगळं थोडक्यात दिलंय, बाई."

बाईंनी मुखपृष्ठावरून तळवा फिरवला. "कागद चांगला आहे," त्या म्हणाल्या. "चित्र काय आहे यावर?"

चित्र त्यांच्या हाताखालीच होतं. चांगलं मोठं, लाल छत्री घेतलेली मुलगी.

मी बाईंकडे पाहिलं. मग म्हणाले, "मुलगी आहे, बाई. छत्री घेऊन. पाठमोरी."

"पाठमोरीच असणार," बाई म्हणाल्या. "नाव काय तुझं?"

"शीतल."

"वाचून दाखव, शीतल. सुरुवातीपासून."

मी वाचायला लागले. इतकी मी तोंडी परीक्षेतही घाबरले नव्हते. बाई खिडकीकडे तोंड करून ऐकत होत्या. "तिथे स्वल्पविराम असेल. थांबत जा," एवढंच एकदा म्हणाल्या. होता. चहा आला तेव्हा त्यांनी मान जराशी बाजूला वळवली, डोळ्याच्या कडेने कप शोधला आणि अलगद उचलला. दोन प्रकरणं झाली. उठताना त्या म्हणाल्या, "बघते. कळवते." मग जिना उतरून सरळ चालत गेल्या. वाटेतल्या हातगाडीला बरोबर चुकवून. बघणाऱ्याला शंकासुद्धा आली नसती.

दुसऱ्या दिवशी मी अप्पांना गाठलं. "अप्पा, बाईंना..."

"स्थळाकडच्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतेत," अप्पांनी मला तिथेच तोडलं. रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग हळू म्हणाले, "मधलं दिसत न्हाई. कडंकडंचं दिसतं. अक्षर तर मधीच असतंय ना, माय. डॉक्टरनं हात टेकले. सगळ्या गावाला वाचायला शिकवलेली बाई. लोकांनी हळहळ करावी, हे त्यांना सोसायचं न्हाई."

"म्हणून तुम्ही त्यांना दाखवता?"

"एकट्या त्यांनाच दाखवली असती तर लोकांनी इचारलं असतं, काऊन म्हणून. सगळ्यांनाच दाखवली की कुणी इचारत न्हाई. म्हनतेत, म्हातारा येडा हाय."

म्हणणाऱ्यांत मीही होतेच.

महिनाभरात आमचे सचिवसाहेब वाचनालयाच्या पाहणीला आले. त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि वाचनाविषयी त्यांना फार तळमळ आहे. ती ते वर्षातून एकदा येऊन व्यक्त करतात. त्या दिवशी टेबलावर रुमाल होता, रुमालावर कादंबरी होती आणि समोर एक शिवणकामवाल्या ताई चहा पीत बसल्या होत्या.

"अप्पा, हे वाचनालय हाय का वधू-वर मेळावा?"

"दोन्हीकडं माणसंच येतेत, साहेब."

"माणसं येतेत, पण पुस्तकं जात न्हाईत. अभ्यासिकेत पोरं जमिनीवर बसायलेत आन् हिथं टेबलावर कादंबऱ्या बसायल्यात. एक तारखेपासून हे टेबल तिकडं. पुस्तक मागायचं, घ्यायचं, निघायचं. दाखवणं बंद."

"साहेब, गुरुवारपुरतं तरी राहू द्या."

"गुरुवारचंच सांगायलोय. त्या सोनटक्के बाई. दर गुरुवारी येतेत, चहा पितेत, आजवर एक पुस्तक नेलं न्हाई. तुमच्या दाखवण्याचा एवढा गुण असता, तर नेलं नसतं का? काऊन नेत न्हाईत त्या? सांगा की."

मी उठले. भिंतीला वळसा घालून मी तिथे जाऊन उभी राहिले. अप्पांनी एक वाक्य सांगितलं असतं की टेबल वाचत होतं. ते सांगत नव्हते, म्हणून मीच तोंड उघडलं.

"साहेब, त्या बाईंना ना..."

"त्या बाई लय चोखंदळ हायेत," अप्पा माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "त्यांचा दोष न्हाई, साहेब. माझंच दाखवणं कमी पडलं."

"मग झालं तर," सचिवसाहेब म्हणाले.

एक तारखेला टेबल अभ्यासिकेत आलं आणि मलाच मिळालं. खिडकीजवळ, पंख्याखाली, भिंतीपासून लांब. दोन वर्षांत पहिल्यांदा मला शांतता मिळाली. एक कलम डोक्यात शिरेना. पलीकडे लोक येत, पुस्तक मागत, घेत, निघत. कारभार एकदम सुधारला होता.

त्या आठवड्यात बुधवारी अप्पा माझ्या टेबलाशी आले.

"उद्या चारला मोकळी हायस का? घर बघायला जायचंय."

"कुणाचं घर?"

"सोनटक्के बाईंचं. इतके दिस त्यांनी पाहिलं. आता आपल्याकडचे लोक त्यांचं घर बघायला जाणार. द्यायच्या आधी घर बघावं लागतंय का न्हाई?"

"पण मी कशाला, अप्पा?"

"पाहुण्यांत एक तरी बाईमाणूस लागतं. एकट्या बाप्यानं जायचं नसतं." मग सवयीने म्हणाले, "दस्तूर म्हंजे दस्तूर."

गुरुवारी अप्पा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. त्यांना इस्त्रीत मी प्रथमच पाहत होते. कादंबरी त्यांनी स्वतःच्या नावावर काढून त्याच रुमालात बांधली होती. स्टेशनकडच्या गल्लीत बाईंचं दोन खोल्यांचं घर. बाई दारातच उभ्या होत्या. आत कांद्याचा वास येत होता. त्यांनी पोहे केले होते.

"आधी पोरीला द्या," अप्पा दाराजवळच्या खुर्चीवर टेकत म्हणाले. "मी मागून घेतो."

"मागून गार होतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही आधी बसा."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं. बाई हात पुढे करून तशाच उभ्या होत्या. त्यांनी बशी घेतली. बराच वेळ पहिला घास उचलला नाही.

मग रुमाल सुटला आणि कार्यक्रम सुरू झाला. ही कादंबरी मी वाचलेली होती. नायक जर्मनीला जातो आणि नायिका त्याची अंगठी कुरिअरने परत करते, इतकी ती नव्या काळाची आहे. अप्पांनी सगळं व्यवस्थित सांगितलं, भांडणाच्या ठिकाणी आवाजसुद्धा चढवला. पण विमानतळावर पोचल्यावर त्यांचा नायक माघारी फिरला. टॅक्सी केली, थेट मुलीच्या दारात उतरला, आणि तिच्या बापाने हातातला पेपर खाली ठेवला.

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग काय. लगीन."

"जेवायला काय होतं?"

"बुंदी. आन् वांग्याची भाजी."

"पुण्यातल्या लग्नात?"

"आचारी हिकडचा होता, बाई."

बाई हसल्या नाहीत. "आजकालचे लेखक बरीच लग्नं लावतात हो, अप्पा. माझ्या वेळच्या पुस्तकांत इतकी लागत नव्हती."

"दिवस बदलले," अप्पा खाली बघत म्हणाले.

बाईंनी मान जराशी वळवली. त्या माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होत्या, म्हणजे मी त्यांना नीट दिसत असणार. "तू वाचलीस ना ही, शीतल? असंच आहे ना शेवटी?"

खोटं बोलायची मला सवय नाही. बोलले की कान लाल होतात, असं आई म्हणते. बाई नेमक्या तिकडेच बघत होत्या.

"हो बाई," मी म्हणाले. "मठ्ठाही होता."

आता मात्र बाई हसल्या. तिसरीच्या वर्गात कधी हसल्या नसतील अशा. हसून झाल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि अप्पांच्या दिशेने म्हणाल्या, "बघते. कळवते."

परत येताना आम्ही कापसाच्या जिनिंगपाशी पोचलो. तिथे अप्पांनी मलाच विचारलं, जणू ते स्वतः तिथे नव्हतेच.

"काय म्हनल्या?"

"कळवते म्हणाल्या, अप्पा."

"म्हंजे न्हाई तर म्हनल्या न्हाईत," अप्पा म्हणाले, आणि रुमालातलं पुस्तक त्यांनी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.